रिकामी आहे असं म्हणायचं नाही

लेक 14 वर्षांची आहे. एक दिवस जेवता जेवता म्हणाली, आई मला शूटिंग शिकायचंय, आणि मी हातातला घास तसाच ठेवून नाही म्हटलं. कारण विचारलं तिने, ते मला सांगता आलं नाही. बंदूक ही वस्तूच नको होती मला तिच्या हातात, बास. आई तो खेळ आहे, ऑलिम्पिकमध्ये आहे, असं ती म्हणत राहिली, आणि मला माहीत होतं ना ते, 2008 ला बीजिंगला अभिनव बिंद्राला गोल्ड मिळालं तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या, 2024 ला पॅरिसला स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ तर आम्ही दोघींनी एकत्र बघितलं, पण टीव्हीवर कुणाच्या तरी हातात बघणं वेगळं आणि आपल्या पोरीच्या हातात बघणं वेगळं. महिनाभर हा विषय चालला. शेवटी मी म्हटलं आधी मी जाऊन बघते काय असतं ते. रेंजवरच्या, म्हणजे शूटिंगचा सराव करतात त्या जागेवरच्या, सरांशी बोलले तर ते म्हणाले, ताई, खुर्चीत बसून बघितलं तर काही कळणार नाही, चार-सहा वेळा येऊन स्वतः करा आणि मग मुलीचं ठरवा.

म्हणून गेले. खेळायला नाही, तपासणी करायला गेले असंच म्हणा.

पहिल्या दिवशी बंदुकीला हातच लावू दिला नाही. मला जरा आश्चर्य वाटलं, मी तासाभराची वेळ काढून आले होते आणि तो सगळा तास सरांनी बोलण्यात घालवला. आता वाटतं तो तास सगळ्यात महत्त्वाचा होता. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या, जेफ कूपर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकामुळे या चार गोष्टी याच रूपात जगभर पसरल्या आहेत आणि रेंजवर कुठेही गेलात तरी थोड्याफार फरकाने ह्याच ऐकायला मिळतात. प्रत्येक बंदूक कायम भरलेलीच आहे असं धरून चालायचं. जे नष्ट झालेलं चालणार नाही त्याच्याकडे नळीचं तोंड कधीच वळवायचं नाही. टार्गेटवर नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ, बंदुकीच्या अंगाला टेकवून. आणि टार्गेट काय आहे ते तर बघायचंच पण त्याच्या मागे काय आहे तेही माहीत पाहिजे.

ऐकायला किती सोपं आहे. मी मान हलवत होते. मग सरांनी विचारलं, यातला पहिला नियम का आहे सांगा, रिकामी बंदूक तर रिकामीच असते ना? मी म्हटलं चुकून भरलेली राहिली तर म्हणून. ते म्हणाले तेवढंच नाही. माणसाच्या डोक्यात एकदा भरलेली आणि रिकामी असे दोन कप्पे झाले की रिकामीच्या कप्प्यातल्या बंदुकीशी तो वेगळं वागायला लागतो, कशीही धरतो, कुणाकडेही करतो, आणि हात शिकतात ते कप्पे बघून शिकत नाहीत, हात फक्त सवय शिकतात. म्हणून कप्पा एकच ठेवायचा. त्यांच्या रेंजवर "रिकामी आहे" हे वाक्य बोलायलाच बंदी आहे. बोल्ट, म्हणजे मागचा उघड-बंद होणारा दांडा, उघडून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, दाखवायची, डोळ्यांनी बघायचं, समोरच्यानेही बघायचं, बोलायचं काही नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या मनात फार खोल बसली, की हे नियम एकमेकांवर पांघरूण घातल्यासारखे आहेत. एक मोडला तरी दुसरा वाचवतो. बोट चुकून ट्रिगरवर गेलं पण तोंड टार्गेटमागच्या मातीच्या बांधाकडे असेल तर गोळी मातीत जाईल. तोंड चुकीकडे वळलं पण बोट बाहेर असेल तर गोळी सुटणारच नाही. कुणाला इजा व्हायला किमान दोन नियम एकाच वेळी मोडावे लागतात. ही गोष्ट मला आई म्हणून दिलासा देणारी वाटली आणि तितकीच घाबरवणारी पण, कारण मग ज्या बातम्या आपण वाचतो, साफ करताना सुटली, खेळताना सुटली, त्या प्रत्येकात कुणीतरी दोन-तीन गोष्टी एकदम सोडून दिलेल्या असतात.

मग रेंजच्या आज्ञा. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. स्टॉप ऐकलं की ट्रिगर अर्ध्यात दाबलेला असला तरी बोट बाहेर. आणि स्टॉप कुणीही ओरडू शकतं, पहिल्या दिवशीचा नवखा माणूससुद्धा, पुढे कुणी चालत गेलेलं दिसलं, काही विचित्र दिसलं, तर लाजायचं नाही, ओरडायचं. मला हे आवडलं. बाकी बऱ्याच ठिकाणी नवीन माणसाने गप्प बसायचं असतं.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा आधी डोळा तपासला. आपल्याला जसा उजवा किंवा डावा हात असतो तसा एक डोळाही पुढारी असतो, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. दोन्ही हात लांब करायचे, तळव्यांमध्ये छोटीशी फट ठेवायची, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो पुढारी डोळा. माझा हात उजवा आणि डोळा डावा निघाला. सर म्हणाले असं बऱ्याच जणांचं असतं, दोन रस्ते आहेत, एक तर डाव्या खांद्यावर रायफल घ्यायला शिका नाहीतर डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावून उजव्याने बघा. डोळा मिटून घ्यायचा नाही कारण एक डोळा ताणून मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत तो थकतो, त्यापेक्षा समोर धुरकट पांढरी पट्टी लावायची, दोन्ही डोळे उघडे. मी पट्टी घेतली. डाव्या बाजूने एकदा धरून बघितलं पण सगळं शरीर परक्याचं वाटायला लागलं.

आणि मग पहिल्यांदा रायफल हातात आली. 10 मीटर एअर रायफल, दाबलेल्या हवेवर चालणारी, 4.5 मिलिमीटरची शिशाची पेलेट, म्हणजे छर्रा, टाकणारी. स्पर्धेच्या रायफलचं वजन जास्तीत जास्त 5.5 किलो चालतं, माझ्या हातातली चार-साडेचार किलोची असेल, पण ते वजन पुढे टांगलेलं असतं त्यामुळे जड लागते. नळीतून एक भडक केशरी दोरी आरपार गेलेली होती, मागून घातलेली आणि पुढच्या तोंडातून बाहेर लोंबणारी. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. ती दोरी दिसतेय म्हणजे चेंबरमध्ये काही असूच शकत नाही, आणि लांबून कुणालाही दिसतं. लेनवर, म्हणजे आपल्या टार्गेटसमोरच्या आपल्या जागेवर, नेम घेत नसाल तेव्हा ती दोरी आतच पाहिजे. इतकी साधी वस्तू आणि किती विचार आहे त्यात, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच नाही ठेवलेली.

उभं कसं राहायचं यावरच दोन वेळा गेल्या. लोकांना वाटतं ताकद लागते, मलाही वाटत होतं, तर उलट आहे, स्नायूंनी धरली की थरथरते, हाडांवर ठेवायची. टार्गेटकडे डावी बाजू, पाय खांद्याएवढे लांब, कंबर जराशी पुढे, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवलेलं आणि त्या खांबावर रायफल ठेवलेली. डावा हात पकडत नाही, तो फक्त खाली असतो. आणि मग एक फार सुंदर गोष्ट करायला लावतात, नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे, अंग सैल सोडायचं आणि डोळे उघडायचे. रायफल आता जिकडे बघतेय ती तुमच्या शरीराची खरी दिशा. ती जर टार्गेटच्या उजवीकडे असेल तर हाताने ढकलून डावीकडे आणायची नाही, पाऊल सरकवायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारच्या लेनच्या टार्गेटकडे बघत होते. पाऊल अगदी थोडं सरकवलं, परत डोळे मिटले, परत उघडले, असं सहा-सात वेळा केल्यावर एकदा डोळे उघडले आणि काळं वर्तुळ समोर होतं, आपोआप, कुणी न ओढता. त्या क्षणी मला समजलं लेकीला यात काय दिसलं असेल ते.

बघायचं कसं तेही नवीनच होतं. मागे डोळ्यापाशी एक बारीक भोक, पुढे नळीच्या टोकाला एक गोल कडी, आणि त्या कडीच्या आत टार्गेटचा काळा गोळा. गोलात गोल, आणि मध्ये पांढरी रिंग सगळीकडून सारख्या जाडीची दिसली पाहिजे. बास एवढंच. आणि तो काळा गोळा कधीही स्थिर राहत नाही. मी धडपडत होते त्याला थांबवायला, जितकी धडपड तितका तो जास्त पळायचा. सर म्हणाले थांबवू नका, डुलू द्या, आणि डुलत असतानाच बोट हळूहळू मागे न्या. "आत्ता मधल्या दहा गुणांवर आलं, आत्ता दाब" असा विचार मनात आला की झटका बसलाच म्हणून समजा.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. आधी थोडी मोकळी हालचाल, मग एक भिंत लागते, आणि त्या भिंतीनंतर अगदी नखाएवढा दाब की सुटली. एअर पिस्तूलच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा नियम आहे पण एअर रायफलला अशी कमीत कमीची अटच नाही, त्यामुळे तो इतका हलका असतो की कपड्याचा धागा अडकला तरी सुटेल असं वाटतं. मग कळतं की बोट बाहेर ठेवण्याबद्दल हे लोक इतके कडक का असतात. पहिले पन्नासेक शॉट मी पेलेटशिवायच मारले, ड्राय फायर म्हणतात त्याला, रायफलमध्ये त्याची वेगळी सोय असते. नुसता टिक आवाज. आणि त्या टिक नंतरही दोन सेकंद हलायचं नाही, बघत राहायचं, शेवटच्या क्षणी गोळा कुठे होता ते लक्षात ठेवायचं.

पेलेट शिशाची असते म्हणून मध्येच पाणी पिणं, खाणं, तोंडाला हात लावणं बंद, निघताना साबणाने हात धुवायचे आणि ते कपडे घरी वेगळे धुवायचे. हे सर सोडून बाकी कुणी इतकं सांगितलं नसतं असं मला वाटतं. लहान मुलं असलेल्या घरात शिसं ही गंमत नाही.

चौथ्या वेळी लेकीला बरोबर नेलं. ती मागे, लाल रेषेच्या पलीकडे खुर्चीवर. टार्गेटचा कागद उलटा लावलेला, पांढरी बाजू पुढे, म्हणजे गुण दिसत नाहीत, फक्त आपली भोकं जवळजवळ पडतायत का ते बघायचं. पहिली पेलेट आत सरकवली, बोल्ट बंद, गाल टेकवला. श्वास अर्धा सोडून थांबवला. माझं हृदय मला रायफलमधून दिसत होतं, खरंच, प्रत्येक ठोक्याला कडी एक बारीक उडी मारत होती. या खेळात बीटा ब्लॉकर औषधांवर बंदी का आहे ते मला तेव्हा वाचून नाही तर डोळ्यांनी समजलं. हृदयाची गती कमी करणारी गोळी म्हणजे इथे सरळ सरळ फायदा.

सुटली. आवाज फार नाही, हवेचा फट् असा. कागदावर बारीक गोल भोक, पंचिंग मशीनने पाडल्यासारखं, कारण या पेलेटचं तोंड चपटं असतं. पाच मारल्या. लिंबाएवढ्या जागेत पाचही. सरांनी साइटचे, म्हणजे नेम धरायच्या त्या मागच्या भोकाचे, दोन-चार क्लिक फिरवले, कागद सरळ केला, आणि आता खरं टार्गेट. या टार्गेटची गंमत सांगते, संपूर्ण टार्गेट 45.5 मिलिमीटरचं आणि मधला दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. 10 मीटरवरून तो दिसतच नाही. पेलेट त्याच्यापेक्षा नऊपट जाड. त्यामुळे दहा मारायचं म्हणजे तो ठिपका पेलेटने नुसता शिवला पाहिजे. सहा आला, सात आला, चार आला, परत सात, आणि मग एकदा सुटल्या सुटल्याच मला आतून कळलं की हा वेगळा आहे. दुर्बिणीतून बघितलं. ठिपका गायब होता.

आणि मी वळले.

रायफल हातात धरून, लेकीला दाखवायला, बघ गं बघ म्हणत, सगळं अंग घेऊन मागे वळले. पूर्ण वळायच्या आत सरांचा हात नळीवर आला होता. ओरडले नाहीत. हात तसाच घट्ट ठेवून रायफल आणि तिच्याबरोबर मला परत टार्गेटकडे फिरवलं, म्हणाले बोट बाहेर, बोल्ट उघडा. मी उघडला. मी म्हटलं सर आत्ताच मारला ना शॉट, आत काहीच नव्हतं. त्यांनी चेंबरमध्ये बघितलं, मला बघायला लावलं, दोरी घातली, रायफल स्टँडवर ठेवली आणि मग म्हणाले, ताई, पहिल्या दिवशी मी कुठलं वाक्य बोलू नका म्हटलं होतं?

अर्धा तास मागे बसायला सांगितलं. लेकीच्या शेजारच्या खुर्चीत बसले. ती काहीच बोलली नाही, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं, कारण नळी ज्या बाजूला फिरत होती तिकडेच ती बसली होती, अजून थोडी फिरली असती तर तोंड तिच्यावरच आलं असतं. महिनाभर मी ज्या गोष्टीला घाबरत होते, की तिच्याजवळ बंदूक नको, ती गोष्ट करायला निघालेली मी होते. नियम मला पाठ होते. आदल्या रात्री नवऱ्याला सगळे म्हणून दाखवले होते. ते डोक्यात होते, हातात नव्हते, आणि आनंद झाला की डोकं बाजूला होतं आणि हातच काम करतात. राग, घाई, आनंद, सगळ्यांचं तेच. माझी कल्पना होती की धोका वाईट माणसांमुळे असतो किंवा बेफिकीर माणसांमुळे. मी दोन्ही नव्हते. मी फक्त खूश होते.

त्या अर्ध्या तासात मी बाकीच्या लेनवरची माणसं बघत बसले आणि तेव्हा मला दिसायला लागलं. माझ्यापेक्षा खूप लहान मुलं होती त्यात. शॉट कितीही चांगला गेला तरी नळी कुणाचीच हलत नव्हती. आधी रायफल खाली, बोल्ट उघडा, दोरी आत, स्टँडवर ठेवली, हात रिकामे झाले, मग चेहऱ्यावर हसू. हसू शेवटी. एका मुलाचा वाईट शॉट गेला, चिडलेला दिसत होता, तरी तोच क्रम, तीच गती. शॉट मारण्याइतकाच सराव त्यांनी बंदूक खाली ठेवण्याचा केलेला होता.

परत उभी राहिले तेव्हा सरांनी पेलेट दिलीच नाहीत. उचल, धर, खाली घे, उघड, दोरी, ठेव. वीस वेळा. मी मोजत होते, वीस. त्यानंतर घरी लाटण्यावर आणि झाडूवर पण करत होते, म्हणजे काठी उचलायची आणि तोंड खिडकीच्या वरच्या भिंतीकडेच ठेवून वळायचं, आधी खाली ठेवून मग वळायचं. लेकीनेही माझ्याबरोबर केलं. तिने कधीच तो विषय काढला नाही, त्या बाबतीत ती माझ्यापेक्षा समजूतदार आहे.

सर मग एकदा मॅथ्यू एमन्स या अमेरिकन शूटरबद्दल बोलले. 2004 ला अथेन्समध्ये 50 मीटर थ्री पोझिशनच्या, म्हणजे गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून मारायच्या रायफल स्पर्धेच्या, फायनलला हा माणूस शेवटच्या शॉटपर्यंत पुढे होता, साधारण शॉट मारला असता तरी गोल्ड होतं, आणि शेवटची गोळी त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारली. गुण शून्य. परत 2008 ला बीजिंगला, तोच प्रकार, तोच शेवटचा शॉट, परत पुढे होता आणि नेम पूर्ण लागायच्या आधीच बोटाने ट्रिगर दाबला गेला, 4.4 गुण, चौथा नंबर. जगातल्या सगळ्यात चांगल्या शूटर्सपैकी एक. मला ते ऐकून त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं, पण सरांचा मुद्दा वेगळा होता, की इतक्या सरावाच्या माणसाचं सुद्धा टार्गेट चुकतं आणि बोट आधी जातं, आणि तरी कुणाला खरचटलं नाही कारण नळी मात्र दोन्ही वेळेला समोरच होती. मेडल गेलं, बाकी काही नाही.

दोनेक महिन्यांनी 50 मीटरच्या रेंजवर .22 रायफल मारून बघितली. सर म्हणाले हवेची आणि दारूची बंदूक यातला फरक हाताला कळू दे. कळला. कानावर इअरमफ होतेच, त्याच्या आत फोमचे बोळे पण घालायला लावले, .22 चा आवाज लोकांना छोटा वाटतो पण तो 140 डेसिबलच्या आसपास जातो, एवढा आवाज एका झटक्यात सुद्धा कानाचं कायमचं नुकसान करू शकतो. डोळ्यांवर गॉगल. काडतूस बोटाच्या एका पेराएवढं, पुढची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. हातात घेतलं तर खेळण्यातलं वाटावं. ही गोळी वर कोन करून सुटली तर दीड किलोमीटरपेक्षा जास्त लांब जाऊ शकते. टार्गेटमागे तो उंच मातीचा बांध का आहे आणि नळी आकाशाकडे करून चालणं हे का सुरक्षित नाही, दोन्ही त्या एका आकड्यात आलं. सिनेमात हवेत गोळ्या झाडतात ना आनंदाने, मला आता ते बघवत नाही. ती खाली कुठेतरी येतेच.

पहिले काही शॉट बरे गेले, मग खाली खाली जायला लागले. सर म्हणाले आता काडतूस मी भरतो, तुम्ही फक्त मारा. तिसऱ्या का चौथ्या वेळी मी ट्रिगर दाबला आणि नुसता टिक झाला, आणि नळी मात्र जोरात खाली गेली. त्यांनी मुद्दाम आत डमी काडतूस घातलं होतं. आवाज येणार या भीतीने माझं अंग गोळी सुटायच्या आधीच आवळत होतं, डोळे मिटत होते, आणि मला पत्ताच नव्हता. गोळी सुटली की त्या आवाजात आणि धक्क्यात ते झाकलं जातं. बिना गोळीचं उघडं पडतं. असं दहा-बारा वेळा मिसळून केलं तेव्हा कुठे हात शांत झाले.

आणि त्यानंतर एकदा खरंच तसं झालं. मी स्वतः भरलेलं काडतूस, बोल्ट बंद, दाबलं, टिक. काहीच नाही. माझा हात बोल्टकडे निघाला होता, काय झालं बघूया म्हणून, आणि सर मागून फक्त म्हणाले, थांबा. नळी समोर. तीस सेकंद. .22 मध्ये पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेच्या काठात असतो, कधी तो काठात सगळीकडे नीट पसरलेला नसतो आणि पिन नेमकी मोकळ्या जागी आपटते, तेव्हा काही होत नाही. पण कधी कधी तो हळू पेटतो आणि गोळी उशिरा सुटते. त्या वेळात बोल्ट उघडला असेल तर काडतूस तोंडासमोर फुटतं. तीस सेकंद किती मोठे असतात ते तेव्हा समजलं. मी नेम धरून, बोट बाहेर, आत काहीतरी आहे की नाही माहीत नाही अशा वस्तूला खांद्याशी लावून उभी. शेजारच्या लेनवाल्याने माझ्याकडे बघितलं, समजला, आपली रायफल खाली ठेवून तोही थांबला. मग बोल्ट उघडला, तोंड बाजूला ठेवून, काडतूस बाहेर आलं. काठावर पिनेचा ठसा स्पष्ट होता. सरांनी ते वेगळ्या डब्यात टाकलं. अजून एक सांगितलं, की आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुस्स झाला, तरीही थांबायचं, कारण गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुटते.

यातली कुठलीच गोष्ट मला बाहेरून बघून कळली नसती. सर बरोबर होते.

या सगळ्याचा एक परिणाम असा झाला की मला सगळीकडे बोटं दिसायला लागलीत. पोस्टरवरचा हिरो, बोट ट्रिगरवर. भाच्याची खेळण्यातली पिस्तूल, सरळ आजीच्या कपाळाकडे, आणि सगळे हसतायत. मी त्याच्याजवळ बसून त्याला म्हटलं की माणसांवर नाही धरायची, दारावर खडूने गोल काढू आपण, त्यावर मार. घरातले म्हणाले अगं प्लास्टिकची आहे ती. असू दे. हात सवय शिकतात.

लेकीला परवानगी दिली. पण काही गोष्टी मी ठरवल्या, तिने कबूल केल्या. रायफल घरी येणार नाही, रेंजवर कुलपातच राहील, पुढे कधी तिची स्वतःची झाली आणि कायद्याने घरी ठेवता आली तरी ती कुलपात आणि पेलेट किंवा काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि फोटोसाठी कुठल्याही बंदुकीबरोबर पोज नाही. झोप झाली नसेल, कुणाशी भांडण झालं असेल, तर त्या दिवशी रेंजवर जायचं नाही. शेवटचं तिनेच सुचवलं.

ती माझ्यापेक्षा खूप लवकर शिकतेय. शॉट रद्द करणं तर तिला पहिल्या आठवड्यातच जमलं. नेम धरून आठेक सेकंद झाले की डोळ्यापुढची प्रतिमा पुसट व्हायला लागते, श्वास कमी पडतो, तेव्हा मारायचं नाही, बोट बाहेर, रायफल खाली, परत पहिल्यापासून. मला अजून ते अवघड जातं, इतका वेळ धरली आता मारूनच टाकू असं होतं, आणि तेच शॉट सगळ्यात वाईट असतात. तिच्या स्पर्धेत 60 शॉट 75 मिनिटांत मारायचे असतात, आधी बायकांना 40 च होते, 2018 पासून बायका-पुरुष दोघांना सारखे झाले. दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9, म्हणजे सगळे मिळून 654. ती सध्या वहीत प्रत्येक शॉटपुढे दोन आकडे लिहिते, एक मिळालेला आणि एक सुटताना तिला वाटलेला, आणि दोन्ही जुळले की जास्त खूश होते, मग तो सहा का असेना.

मी दर रविवारी तिच्या शेजारच्या लेनवर असते. माझं अजून 40 शॉटच्या पुढे जात नाही, पाठ दुखते, तिथे थांबते. मागच्या वेळी तिला पहिल्यांदा 10.8 आला. माझ्या कानात बोळे होते, मला नुसती तिची हालचाल दिसली. रायफल खाली, बोल्ट, दोरी, स्टँड, मग दोन्ही हात रिकामे करून ती माझ्याकडे वळली.